आमच्या घरातली गोचीड

१२ जून

भर दुपारी रात्र करणं हे माझं काम. तारांगणाच्या घुमटाखाली लोक कलत्या खुर्च्यांत रेलतात, सूर्यकाका बटण फिरवत उजेड हळूहळू विझवत नेतात, आणि मी माइकवर म्हणते, “डोळे मिटा. आता सावकाश उघडा.” मग सगळ्या मुलांच्या तोंडून एकदम “आऽऽ” निघतो. त्या “आऽऽ”वर मी इतकी वर्षं खुशाल जगते आहे. सूर्यकाका म्हणजे आमचे यंत्र चालवणारे काका. सूर्य त्यांच्याच हाताने मावळतो, म्हणून हे नाव.

आजवर मी दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलत आले. आज संचालकबाईंनी बोलावून सांगितलं की मुलांसाठी नवा खेळ करायचा आहे, हिवाळ्यात सुरू होईल, आणि या वेळी लिहायचंही मीच. मी लगेच हो म्हणाले आणि बाहेर आल्यावर घाबरले. म्हणून ही वही. डोक्यात फार गर्दी झाली की थोडी इथे उतरवून ठेवीन.

घरी सांगितलं तेव्हा नवरा न्हाणीघरात गुडघ्यांवर बसला होता. तो फरशी बसवायचं काम करतो, त्यामुळे आम्ही सगळे त्याला मिस्तरी म्हणतो. गावभर फरशा बसवल्या, आमच्या न्हाणीघरातली एक मात्र दोन वर्षं हलते आहे. तो मान वर न करताच म्हणाला, “लिही की. बोलतेस तसंच लिही. फक्त मधे मधे हरवू नकोस.”

सासूबाई म्हणाल्या, “मला त्या खुर्च्यांत झोप लागते, आणि मग मान धरते.”

थोरला आठ वर्षांचा. त्याने विचारलं, “मी फुकट बघणार ना?” धाकटी चार वर्षांची, ती माझ्या पायाला मिठी मारून बसली होती. जन्मल्यापासून ती अशीच कुणाला ना कुणाला चिकटलेली असते. माझ्या पायाला, आजीच्या कमरेला, आणि सगळ्यात जास्त दादाच्या पाठीला. मिस्तरीने तिचं नाव गोचीड ठेवलं आणि तेच रूढ झालं. शेजारीही गोचीडच म्हणतात. बालवाडीच्या बाईंनी पहिल्या दिवशी नाव विचारलं तर हिने ठणकावून सांगितलं, “गोचीड!”

२३ जून

तारांगणातली सगळी मंडळी घरच्यांसह डोंगरावरच्या वेधशाळेत गेलो होतो. वर कमरेएवढं गवत. पोरं दिवसभर राखणदाराच्या कुत्र्याबरोबर त्या गवतात बुडून होती; मधेच एखादं डोकं वर यायचं, मधेच कुत्र्याची शेपटी. मी पाठीवर पडून आभाळ बघत होते. खेळाची सुरुवात कशी करावी याचा विचार करायचा होता, पण ढग इतके संथ चालले होते की मी त्यांच्याबरोबर गेले आणि झोपूनच गेले. जागी झाले तेव्हा अंगावर मिस्तरीचा सदरा होता.

अंधार पडताच दुर्बिणीतून शनी दाखवला. थोरला कितीतरी वेळ डोळा लावून बघत होता. मग म्हणाला, “आई, हा खरा नाहीये. कुणीतरी कागदाचा चिकटवलाय.”

ठरलं. खेळ शनीवरच.

२६ जून

दोन ओळी सुचल्या. जेवताना मनातल्या मनात त्या घोळवत होते, एवढ्यात थोरला म्हणाला, “आई, मला गोचीड चावली.”

मी धाकटीकडे वळले. “का गं? दादाला चावायचं? शोभतं का?”

तिने आ वासला. “मी नाही!”

“मग दादा काय खोटं बोलतो?”

थोरल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण बहिणीचा चेहरा बघून त्याला हसू आलं आणि त्याने ओठ घट्ट मिटले. सकाळीच तिने त्याची कागदी पाणबुडी टबात बुडवली होती, त्यामुळे त्याला तिची दया येण्याचं काही कारण नव्हतं. मी तिला न्हाणीघरातल्या छोट्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसवलं. चुकलं म्हणेपर्यंत उठायचं नाही. ती म्हणालीच नाही. “मी नाही, मी नाही” करत तिथेच झोपून गेली. मिस्तरीने उचलून आणली. पोरगी आहे हट्टी.

नंतर थोरल्याला विचारलं, कुठे चावली दाखव. त्याने गुडघ्याच्या मागे दाखवलं. दातांची खूण अजिबात नव्हती, नुसता एक लाल ठिपका. हिचे दात तांदळाएवढे, त्यांची खूण ती काय उमटणार. मी फुंकर घातली.

धाकटीने दादाशी कट्टी घेतली आहे.

८ जुलै

आज एक चमत्कार पाहिला. थोरल्याला आंघोळ घालताना गुडघ्याच्या मागे बघते तर मधे लाल ठिपका, भोवती कोरी कातडी, आणि तिच्याबाहेर लालसर, गोल, नीट आखल्यासारखं कडं. “शनी!” मी ओरडले. “अरे, तुझ्या पायावर शनी आलाय!” तो आरशासमोर पाठमोरा उभा राहून मान मुरडून बघत होता. मीही ओल्या हातांनी तिथेच बसून राहिले.

सासूबाईंनी चष्मा लावला. “शनी कसला बोडक्याचा. गजकर्ण आहे. मलम लाव.”

त्यांच्या डबीतलं मलम लावलं. दोन दिवस अंग थोडं गरम होतं त्याचं, उन्हात खेळण्याचा परिणाम. इकडे शाळेला उन्हाळी सुट्टी जुलैतच असते, पडून राहिला.

खेळासाठी एक वाक्य मात्र मिळालं: शनीचं कडं लांबून अखंड दिसतं, जवळ जाल तर ते बर्फाच्या असंख्य तुकड्यांचं असतं, आणि प्रत्येक तुकडा आपापला फिरत असतो.

२ ऑगस्ट

गजकर्ण बरंच पसरलं आणि मग आपोआप फिकट होत गेलं. सासूबाईंच्या मते आपोआप नाही, मलमाने. डबी विजयी मुद्रेने कपाटात परत गेली.

आणखी एक. धाकटीचं चिकटणं सुटलं. आता बाजूला बसून आपली आपण खेळते. दादाच्या पाठीवर चढत नाही, माझ्याही पायाला येत नाही. मला दोन्ही हात मोकळे मिळतात, लिहायला वेळ मिळतो. मिस्तरी म्हणाला, “मोठी झाली.” झालीच म्हणायची. कधी कधी स्वयंपाक करताना पाय हलका वाटतो आणि मी उगाच खाली बघते.

१९ सप्टेंबर

थोरला सकाळी पलंगावरून म्हणाला, “आई, माझा गुडघा जाडा झालाय.” मला वाटलं शाळा चुकवायची आहे. पांघरूण काढलं तर खरंच, डावा गुडघा भला मोठा. वाटी कुठे आहे ते कळेना. बोटाने दाबलं तर आत पाणी हलल्यासारखं. गंमत म्हणजे त्याला फारसं दुखत नव्हतं. लंगडत होता, पण शीळही घालत होता.

“कुठून उडी मारलीस?” मिस्तरीने विचारलं. शाळेच्या भिंतीवरून परवा मारली होती म्हणे. “बघ! गुडघे मी वापरतो तसे वापरायचे, जपून.” आणि कामावर बांधायच्या रबरी गुडघेपट्ट्या आणून त्याने पोराच्या पायाला बांधल्या. त्या त्याच्या मांडीपर्यंत आल्या.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, मुरगळला असेल, आठवडाभर पळापळ नको.

२८ सप्टेंबर

सूज उतरली. जशी आली तशी गेली. जीव भांड्यात पडला. आता पुन्हा शनी.

१७ ऑक्टोबर

परत आली, आणि आधीपेक्षा जास्त. सकाळी तर पाय वाकतच नाही. पलंगावरून सरळ पाय तसाच ठेवून सरकतो आणि कडेला बसून राहतो. बाहेर पानं गळताहेत, पोरं त्यांच्या ढिगात उड्या मारताहेत, आणि हा खिडकीत.

सासूबाईंचे गुडघे जुने दुखरे. सकाळी आजी आणि नातू दोघं एकाच वेळी भिंत धरून न्हाणीघराकडे निघतात. आजी थांबली की हा थांबतो. थोरल्याने नाव ठेवलंय, संधिवात मंडळ. अध्यक्ष आजी. गरम पाण्याची पिशवी आळीपाळीने घ्यायची, आणि कुणी जास्त वेळ ठेवली यावरून भांडायचं.

आज मात्र पिशवी त्याच्या गुडघ्यावर ठेवून सासूबाई त्याच्याकडे बघत बसल्या. मी चहा दिला तर म्हणाल्या, “म्हातारपणी दुखलं तर काही नाही गं. आयुष्य चालून झालेलं असतं. याचं अजून सुरू पण झालं नाही.” चहा तसाच गार केला त्यांनी.

२३ ऑक्टोबर

मुलांच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. खोली स्वच्छ, भिंतीवर जिराफ, जिराफाच्या मानेवर उंचीचे आकडे. मिस्तरीला काम होतं, सासूबाईंचे गुडघे आज फार दुखत होते, म्हणून धाकटीलाही बरोबर घेतलं. ती दाराशी उभी राहिली.

बाईंनी गुडघा दोन्ही हातांत असा धरला की मला त्या लगेच आवडल्या. मग सुईने आतलं पाणी काढलं. पिवळसर, गढूळ. थोरला रडला नाही, पण माझ्या बोटांत नखं रुतवली. पाणी गेल्यावर गुडघा एकदम ओळखीचा दिसू लागला.

मग प्रश्न. ताप? नाही. घसा? नाही. अंगावर पुरळ, चट्टा? नाही. कुणाला सांध्यांचं दुखणं? आजीला. घरात कुत्रा, मांजर? “चौथा मजला, बाई,” मी म्हटलं.

“गोचीड वगैरे चावली होती का कधी?”

मला इतक्या ताणातही हसू फुटलं. “गोचीड? आमच्याकडे एकच आहे,” मी दाराकडे बोट दाखवलं, “ही बघा. आणि ती चावली होती खरी!” मग नावाची सगळी गोष्ट सांगितली. बाईही मनापासून हसल्या. नर्सबाई हसल्या. धाकटी काही हसली नाही. ती जिराफाकडे बघत राहिली. थोरला पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. सुईची धास्ती अजून उतरली नसावी.

हसू ओसरल्यावर बाईंनी सांगितलं. मुलांनाही संधिवात होतो. खात्रीने सांगायला अजून तपासण्या हव्यात, पण लक्षणं तशी दिसतात. आत्ता सुजेवर गोळ्या. पुन्हा पाणी भरलं तर भूल देऊन गुडघ्यात औषधाचं इंजेक्शन. या दुखण्यात डोळ्यांनाही सूज येऊ शकते, म्हणून तेही तपासत राहावे लागतील. काही मुलांचं लवकर शमतं, काहींचं वर्षानुवर्षं चालतं.

वर्षानुवर्षं. येताना बसमध्ये हा एकच शब्द माझ्याबरोबर बसला होता. मी रोज माइकवर कोट्यवधी वर्षं म्हणते आणि मला काही होत नाही.

२५ ऑक्टोबर

दुपारी डोळा लागला. स्वप्नात आमच्या घराभोवती कडं होतं, पांढरं, बारीक, फिरणारं. आम्ही सगळे खिडकीत उभे. धाकटी त्या कड्यावर एका तुकड्यावर बसून सावकाश आमच्यासमोरून जायची आणि पुन्हा यायची. मी हात पुढे केला की ती पुढे गेलेली असायची. भीती नव्हती वाटत. नुसतं लांब वाटत होतं.

१ नोव्हेंबर

पाणी पुन्हा भरलं. गुडघ्यातलं इंजेक्शन पुढच्या मंगळवारी ठरलं.

थोरल्याने आज विचारलं, “आई, कुणी काही चुकीचं केलं तर आजारपण येतं का?”

“भिंतीवरून उडी मारलीस म्हणून काही कुणी शिक्षा देत नाही रे.”

“उडी नाही.”

“मग?”

“काही नाही.”

मी त्याचे केस विस्कटले. लेकराला अपराधी वाटतंय, आणि अपराध काय तर उडी. मला भडभडून आलं. त्याच्यासमोर रडले नाही, भांडी घासताना रडले. मिस्तरी येऊन शेजारी उभा राहिला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागला. “मी खेळातून बाहेर पडते,” म्हटलं. “पोराला सोडून शनीवर काय जाऊ?” तो म्हणाला, “त्याला घेऊन जा की.”

६ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

खेळाची पहिली तालीम होती. मिस्तरीचं ऐकलं, दोन्ही पोरांना नेलं. थोरल्याला समोरच्या टोकाला दोन खुर्च्यांवर आडवं केलं, पायाखाली उशी. धाकटी त्याच्यापासून एक खुर्ची सोडून बसली. मी या टोकाला माइकशी, सूर्यकाका यंत्राशी. बाकी घुमट रिकामा.

आमच्या घुमटाची एक खोड आहे. एका टोकाला कुणी कुजबुजलं की आवाज वरून फिरत येतो आणि समोरच्या टोकाला अगदी कानात बोलल्यासारखा ऐकू येतो. मधल्या खुर्च्यांत काही कळत नाही. शाळांच्या सहलींची सगळी गुपितं मला ठाऊक असतात.

काकांनी सूर्य मावळवला. मी म्हटलं, “डोळे मिटा. आता सावकाश उघडा.” तारे आले. शनी उगवला, मोठा होत गेला. मी कड्याच्या वाक्याशी आले आणि कानात थोरल्याचा आवाज आला.

“गोचीड, तुझी अजून कट्टी आहे?”

“हो.”

“मी सांगणार आहे आईला. तू नव्हतीस चावली म्हणून.”

“कधी?”

“गुडघा बरा झाला की. आत्ता सांगितलं तर आणखी मोठं इंजेक्शन देतील.”

मी वाक्य अर्धं सोडलं होतं. मग धाकटीचा आवाज, शांत, सांगून सांगून थकलेला.

“खरी गोचीड चावली होती. कुत्र्याच्या अंगावरची. काळी.”

“कुत्र्याच्या अंगावर होती तशीच. माझ्या पायाला घट्ट बसली होती. मी ओढून काढली आणि खिडकीतून टाकली.”

“आणि मला स्टुलावर बसवलं.”

“हो.”

शनी माझ्या डोक्यावर फिरत होता. कडं अखंड होतं. मला डोंगर दिसला, कमरेएवढं गवत, त्यात बुडणारी डोकी, कुत्र्याची शेपटी. मला गोचीड चावली. त्याने सरळ, साध्या शब्दांत सांगितलं होतं. घरात दुसरी गोचीड नसती तर मी ऐकलं असतं. आणि बाईंनीही तोच शब्द वापरून विचारलं होतं, तेव्हा मी काय केलं? विनोद.

सूर्यकाका अंधारातून म्हणाले, “काय झालं? सूर्य आणू का?”

“आणा,” मी म्हटलं.

तिकिटाच्या खोलीतून बाईंना फोन लावला. माझं बोलणं उलटसुलट येत होतं. त्यांनी ते सरळ करून घेतलं. कधी? जूनमध्ये. डोंगरावर, गवतात. किती वेळ चिकटून होती? बहुतेक दोन-तीन दिवस. मग त्यांनी विचारलं, “त्यानंतर कुठे चट्टा उठला होता?”

“गजकर्ण झालं होतं. मलमाने गेलं.”

“कसं होतं? मधे ठिपका आणि बाहेर लाल कडं?”

“शनीसारखं,” मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, “आजच रक्त द्यायला या. मंगळवारचं इंजेक्शन थांबवते. आणि ऐका, त्या दिवशी तुमच्याबरोबर मीही हसले. प्रश्न तिथे सोडायला नको होता मी.”

१४ नोव्हेंबर

रक्तात सापडलं. बाईंनी जिराफाशेजारी बसून समजावलं. काही गोचिडींच्या पोटात एक जंतू असतो. गोचीड फार वेळ चिकटून राहिली तर तो रक्तात उतरतो. आधी कातडीवर कडं उठतं. ते कुणी ओळखलं नाही तर जंतू महिनोन्‌महिने अंगात दडून राहतो आणि मग एखादा मोठा सांधा धरतो, बहुतेक वेळा गुडघाच. लाइमचा आजार म्हणतात त्याला. सूज येते, जाते, पुन्हा येते. औषध आहे. चार आठवडे रोज गोळ्या, एकही चुकवायची नाही. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. काहींच्या गुडघ्याला शांत व्हायला थोडे महिने जास्त लागतात.

“वर्षानुवर्षं नाही ना?” मी विचारलं.

“तशी शक्यता फार कमी आहे.”

घरी सांगितलं तर सासूबाईंनी आधी डोळ्यांना रुमाल लावला, मग मलमाची डबी कपाटातून काढून केरात टाकली, मग म्हणाल्या, “म्हणजे मंडळात मी एकटीच उरले.”

थोरला माझ्यासमोर मान खाली घालून उभा. “मी तेव्हा सांगितलं असतं तर...”

“तू सांगितलं होतंस, राजा. पहिल्याच दिवशी. मी ऐकलं नाही.”

“पण हिला बसवलं तेव्हा मी हसलो.”

“ते तू हिला सांग.”

पण त्याच्या आधी माझी पाळी होती. मी न्हाणीघरात गेले आणि त्या छोट्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसले. गुडघे हनुवटीला लागत होते. धाकटी दारात आली.

“काय करतेस?”

“चुकलं माझं. तू चावली नव्हतीस. मी तुझं ऐकलं नाही.”

ती विचार करत उभी राहिली. “मी सांगेपर्यंत उठायचं नाही,” म्हणाली आणि गेली. मग दादाला बोलावून आणलं, मग आजीला. मिस्तरी कामावरून आला तर त्यालाही हात धरून आणून दाखवलं. तो गुडघ्यांवर बसला आणि हलणारी फरशी काढून पक्की करायला घेतली. सोबत म्हणून. फरशी बसली तेव्हा धाकटी आली आणि म्हणाली, “ऊठ आता.”

पाय असे आखडले होते की मी भिंत धरून उठले.

“ए गोचिडे,” मी म्हटलं, “बट्टी?”

“मी गोचीड नाही. गोचीड घाण असते. दादाचा गुडघा खाते.”

“मग काय म्हणू?”

“माझं नाव.”

मी तिच्यासमोर बसले आणि तिला तिच्या नावाने हाक मारली. आम्हीच इतक्या हौसेने ठेवलेलं ते नाव घरात कित्येक दिवसांत कुणी उच्चारलंच नव्हतं. माझ्या तोंडात ते नवंकोरं लागलं. तिने मान हलवली, की बरोबर. पण जवळ आली नाही.

२९ नोव्हेंबर

सूज अर्धी उतरली. गोळीची वेळ सासूबाई डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. थोरला आणि धाकटीची बट्टी झाली. त्याने तिला नवी पाणबुडी करून दिली आणि बुडवायची परवानगीही. आम्ही सगळे तिला नावाने हाक मारतो. ती ओ देते, हसते, बाजूला बसून खेळते. मी घाई करत नाही. रात्री अंथरुणावर पडलं की वाटतं, एका शब्दाने माझी दोन्ही लेकरं माझ्यापासून लांब नेली होती. एक परत येतंय. दुसरीची वाट बघते आहे.

१८ डिसेंबर

गोळ्या संपल्या. आज सकाळी थोरला पलंगावरून उतरला आणि न्हाणीघरात गेला. भिंत न धरता. आजी अर्ध्या वाटेवर भिंत धरून उभी होती. तिला वळसा घालून गेला. “अरे, थांब की अध्यक्षांसाठी!” सासूबाई ओरडल्या आणि मग तिथेच उभ्या राहून हसत रडल्या. गुडघा अजून जरा जाडसर आहे, बाई म्हणतात जाईल.

आणि आज खेळाचा पहिला दिवस. घुमट भरलेला. थोरला पायऱ्या एक सोडून एक चढत शेवटच्या रांगेत गेला, मी ओरडणार होते, ओरडले नाही. मिस्तरी कडेच्या खुर्चीत, सासूबाई मानेमागे उशी घेऊन. धाकटी कुठे बसली ते गर्दीत दिसलं नाही.

काकांनी सूर्य मावळवला. “डोळे मिटा. आता सावकाश उघडा.” तारे आले. तो “आऽऽ” आला, इतक्या मोठ्याने की मला दोन श्वास घ्यावे लागले.

तेवढ्यात अंधारात माझ्या पायाला काहीतरी चिकटलं. दोन्ही हातांनी, गच्च, गाल टेकवून. मी हलले नाही. पायावर ते ओझं होतं, उबदार, ओळखीचं, जून महिन्यापासून हरवलेलं. माइक चालू होता, लोक वाट बघत होते, आणि मी नुसती उभी.

मग खालून कुजबुज आली, “आई, मी खोटी गोचीड आहे. मी चावत नाही.”

माइकने ती उचलली आणि घुमटाने घुमवली. मी चावत नाही, मी चावत नाही, साऱ्या ताऱ्यांतून फिरत शेवटच्या रांगेपर्यंत गेली. लोक हसले. अंधारात कुठूनतरी थोरला ओरडला, “खरंच नाही चावत!”

मी एक हात खाली तिच्या डोक्यावर ठेवला आणि माइकवर म्हटलं, “हो. ही आमची गोचीड आहे. ती कुणाला चावत नाही. कधीच चावली नव्हती.”

लोकांना वाटलं, हे खेळातलंच आहे. मी तिला तशीच चिकटलेली राहू दिली, आणि आम्ही सगळे शनीकडे निघालो.